भ्रूणहत्या, बालहत्या, गर्भपात : एका वादाचे तीन शब्द

मागच्या वेळी आपण संमतिवयाच्या कायद्यावर बोललो होतो. ते व्याख्यान संपल्यावर प्रश्नोत्तरांत एक साधा प्रश्न आला : गर्भपात आपल्याकडे कायदेशीर आहे की नाही? आम्ही उत्तर देण्याआधी सभागृहातूनच दोन उत्तरं आली. कुणी म्हणालं, 'आहे, कधीपासूनच आहे.' कुणी म्हणालं, 'छे, गुन्हा आहे. दवाखान्यात बोर्ड लावलेला असतो की!' दोघंही शिकलेले, वर्तमानपत्र वाचणारे लोक. मग आम्हाला वाटलं की या गोंधळावरच एकदा नीट बोलावं. कारण हा गोंधळ अज्ञानाचा नाही, त्याला इतिहास आहे.

जगभर या विषयावर जो वाद चालतो तो असा मांडला जातो : गर्भ ही व्यक्ती आहे का? असेल, तर गर्भपात हा वध. नसेल, तर ती बाईच्या शरीरावरची एक वैद्यकीय क्रिया. अमेरिकेत १९७३ पासून याच प्रश्नावर निवडणुका लढवल्या गेल्या. आपल्याकडे असा उघड वाद फारसा झालाच नाही. १९७१ साली कायदा झाला तोही फार गाजावाजा न होता. त्यामुळे आपल्याला वाटतं की आपण हा प्रश्न सोडवून टाकला. आमचं म्हणणं असं आहे की आपण तो सोडवला नाही, बाजूला ठेवला. आणि बाजूला ठेवलेला प्रश्न मागच्या दाराने परत आला. तो आला एका शब्दातून. तो शब्द म्हणजे 'भ्रूणहत्या'.

तर आज आपण तीन शब्दांच्या वाटेने जाऊ : भ्रूणहत्या, बालहत्या आणि गर्भपात.

'भ्रूणहत्या' हा शब्द फार जुना आहे. वैदिक वाङ्मयापासून 'भ्रूणहा', म्हणजे भ्रूणाला मारणारा, हा महापातकी मानला गेला. पण गंमत बघा, 'भ्रूण' म्हणजे नेमकं काय यावरच एकमत नव्हतं. सूत्रग्रंथांच्या परंपरेत 'भ्रूण' याचा अर्थ वेदपारंगत ब्राह्मण असाही केलेला आढळतो. म्हणजे भ्रूणहत्येचं पाप मोठं, ते सगळ्याच गर्भांना सारखं लागू होतं असं मात्र नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात प्रायश्चित्तांची यादी आहे. तिथे 'अविज्ञात' गर्भ मारला तर ब्रह्महत्येचं प्रायश्चित्त घ्यावं असं सांगितलं आहे. अविज्ञात म्हणजे काय? टीकाकार सांगतात, ज्याचं लिंग कळलेलं नाही असा गर्भ. आता यातला हिशोब लक्षात घ्या. लिंग माहीत नाही, तेव्हा तो पुरुष असू शकतो, म्हणून शिक्षा मोठी धरायची. गर्भाची किंमत तो पुढे कोण होणार यावरून ठरते. आणि याज्ञवल्क्यस्मृतीत स्त्रीला पतित करणाऱ्या गोष्टींमध्ये गर्भपातन येतं ते पतीला मारण्याच्या जोडीने.

धर्मशास्त्र सोडून वैद्यकाकडे वळलं तर वेगळा सूर ऐकू येतो. चरकसंहितेत शुक्र, शोणित आणि जीव यांचा संयोग झाला की गर्भ म्हणतात. म्हणजे जीव पहिल्या क्षणापासून आहे. पण सुश्रुतसंहितेत महिन्या-महिन्याने गर्भ कसा वाढतो त्याचं वर्णन आहे, आणि चौथ्या महिन्यात हृदय स्पष्ट होतं, चेतना व्यक्त होते, असं सांगितलं आहे. त्या वेळेपासून बाईच्या शरीरात दोन हृदयं, म्हणून ती 'दौहृदिनी'. आपल्या 'डोहाळे' या शब्दाची परंपरेने सांगितलेली व्युत्पत्ती हीच. डोहाळजेवणाला आपण झोपाळा सजवतो, हिरवी साडी नेसवतो, तेव्हा एका जुन्या उत्तराचाच सण करत असतो : गर्भ हळूहळू 'कुणीतरी' होत जातो.

म्हणजे आपल्या परंपरेचं या बाबतीत एक उत्तर आहे असं जे दोन्ही बाजूंनी सांगितलं जातं, ते खरं नाही. 'पहिल्या क्षणापासून जीव' हेही आहे, 'चौथ्या महिन्यात चेतना' हेही आहे, आणि 'कुणाचा गर्भ' हा प्रश्नही आहे. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. युरोपातही कॅथलिक विचारात कित्येक शतकं असं मानलं जाई की गर्भात आत्मा काही काळाने येतो. गर्भाच्या दोन अवस्थांमधला तो फरक चर्चच्या शिक्षाविधानातून १८६९ मध्ये, पोप नववे पायस यांच्या काळात, निघून गेला. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात पोटातल्या हालचालीला महत्त्व होतं. बाळ फिरलेलं आईला जाणवलं, की गर्भ 'जिवंत' झाला. १८०३ च्या तिथल्या कायद्याने हालचाल जाणवल्यानंतरच्या गर्भपाताला देहान्ताची शिक्षा ठेवली आणि त्याआधीच्या गर्भपाताला त्याहून कमी. एक लक्षात घ्या, हालचाल जाणवते ती फक्त बाईला. म्हणजे गर्भ 'कुणी' झाला की नाही याची साक्ष तीच देणार. सोनोग्राफी येईपर्यंत जगभर ही साक्ष तिच्याकडेच होती.

हा इंग्रजी विचार आपल्याकडे आला तो भारतीय दंड संहितेतून. संहिता १८६० ची, अंमल १ जानेवारी १८६२ पासून. कलम ३१२ : गर्भपात घडवून आणला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पोटात हालचाल सुरू झाली असेल तर सात वर्षांपर्यंत. अपवाद एकच, बाईचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेला गर्भपात. आणि स्पष्टीकरणात म्हटलं आहे की स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही या कलमाखाली येते. म्हणजे तीही गुन्हेगार.

पण त्याच संहितेत कलम २९९ आहे, सदोष मनुष्यवधाचं. त्याच्या तिसऱ्या स्पष्टीकरणात असं आहे की आईच्या पोटातल्या बालकाचा मृत्यू घडवणं हा मनुष्यवध नव्हे. मात्र बालकाच्या शरीराचा कोणताही भाग बाहेर आला असेल, तर तो मनुष्यवध ठरू शकतो. म्हणजे कायद्याने १८६० सालीच रेघ ओढली आणि ती जन्मापाशी ओढली. गर्भपात हा गुन्हा ठरवला, पण खून नव्हे. २०२४ च्या जुलैपासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे क्रमांक बदलले, ही रेघ तिथेच राहिली. वारसाहक्काचं बघा. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम २० : बाप गेला तेव्हा जो पोटात होता, त्यालाही वाटा मिळतो. पण अट काय? तो नंतर जिवंत जन्मला पाहिजे. हक्क राखून ठेवलेला असतो, हातात पडतो जन्मल्यावर. आपल्या कायद्याची रीत ही अशी आहे : गर्भाला काहीच नाही असं कायदा म्हणत नाही, आणि गर्भ म्हणजे माणूस असंही म्हणत नाही.

आता दुसऱ्या शब्दाकडे येऊ. 'बालहत्या'. हा आपल्या एकोणिसाव्या शतकाचा शब्द.

पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, हे आपण शाळेत शिकतो. पण ते कशासाठी होतं हे शाळेत थोडं घाईत सांगितलं जातं. ब्राह्मण आणि तत्सम जातींत विधवेला पुनर्विवाह नाही. लग्न आठव्या-दहाव्या वर्षी. नवरा गेला की केशवपन आणि उरलेलं आयुष्य घरातल्या पुरुषांच्या आश्रयाने. त्यातल्याच कुणाकडून दिवस गेले, तर तिच्यापुढे तीन वाटा : औषध घेऊन गर्भ पाडणं, जन्मलेल्या मुलाला मारणं किंवा स्वतः विहीर जवळ करणं. फुल्यांनी चौथी वाट काढली. या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा.

पुढे १८८४ मध्ये, बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर मत देताना, जोतीरावांनी या गृहाचा हिशोब लिहून ठेवला. तोवर ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या होत्या. मुलं किती जगली? पाच. तीस मुलं गेली. कशाने गेली, तर गरोदरपण लपवण्यासाठी त्या बायकांनी आधीच जी विषारी औषधं घेतली असणार, त्यांनी पोटातच झालेल्या इजेने. हे आकडे आम्ही जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा थांबतो. ३५ पैकी ५. या बायका फुल्यांच्या दारात पोचल्या, त्याआधी त्यांनी दुसरी वाट करून पाहिली होती. गर्भपात गुन्हा होता, शास्त्राने पाप होतं, शरीराला धोका होता. तरी करून पाहिला होता. आणि 'हत्या' हा शब्द जोतीरावांनीही वापरला. पण प्रतिबंध कशाचा करायचा याचं त्यांचं उत्तर वेगळं होतं. बाईला धमकी देऊन नव्हे, तिला जागा देऊन. १८७४ मध्ये त्यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तो यशवंत, पुढे डॉक्टर झाला. पुढे पंढरपुरातही प्रार्थना समाजाच्या मंडळींनी असंच गृह चालवलं. यात्रेच्या गावी नेऊन सोडलेल्या विधवा आणि टाकून दिलेली मुलं यांचा प्रश्न तिथे रोजचा होता.

आता १८८१ चं सुरतेचं प्रकरण. विजयालक्ष्मी नावाची तरुण ब्राह्मण विधवा. जन्मलेल्या मुलाला मारल्याबद्दल तिला फाशी सुनावली गेली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली, आणि नंतर पाच वर्षांवर. या निमित्ताने वर्तमानपत्रांतून विधवांच्या, एकूणच बायकांच्या नीतीवर रकानेच्या रकाने भरून आले. त्यांना उत्तर आलं बुलढाण्याहून. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुषतुलना', १८८२. ताराबाई गर्भाच्या जिवाबद्दल तत्त्वचर्चा करत बसत नाहीत. त्या विचारतात की या कृत्यात दोघं होती, मग कोर्टात एकटी कशी? विधवेचं लग्न तुम्ही बंद केलंत, तिला फसवणारा तुमच्यातलाच, आणि पापाची पावती तिच्या नावावर? हा प्रश्न आजही सुटलेला नाही. गर्भपाताच्या वादात गर्भाबद्दल बोललं जातं, बाईबद्दल बोललं जातं, पुरुष मात्र कुठेतरी खोलीच्या बाहेर उभा असतो.

तर एकोणिसाव्या शतकाने आपल्याला काय दिलं? गर्भ व्यक्ती आहे का, या प्रश्नाच्या आधीचा एक प्रश्न दिला. ही वेळ तिच्यावर आणली कुणी?

आता तिसरा शब्द. 'गर्भपात'. म्हणजे हत्या हा भाग ज्यातून गळाला आहे असा शब्द. तो रूढ झाला डॉक्टरांमुळे आणि सरकारी अहवालांमुळे.

मध्ये र. धों. कर्वे आहेत. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पुढे नोकरी गेली, आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यांचा भर गर्भ राहू नये यावर होता. तो विषय वेगळा. पण मूल कधी व्हावं हे बाईने ठरवावं, हे मराठीत मोठ्याने बोलता येऊ लागलं ते त्यांच्यामुळे, आणि त्याची किंमत त्यांनी कोर्टात दंड भरून मोजली.

१९६४ मध्ये केंद्र सरकारने एक समिती नेमली. अध्यक्ष होते शांतिलाल शाह, महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री. समितीने १९६६ च्या अखेरीला अहवाल दिला. समितीचा अंदाज होता की ५० कोटी लोकसंख्येच्या देशात वर्षाला सुमारे ३९ लाख गर्भपात मुद्दाम केले जात असावेत. कायद्याने गुन्हा असताना. समितीला आणखी एक गोष्ट दिसली : या बायकांपैकी बहुतेक जणी विवाहित होत्या. एकोणिसाव्या शतकात चित्र होतं विधवेचं, लपवाछपवीचं. विसाव्या शतकात दिसली ती तीन-चार लेकरांची आई, जिला लपवण्यासारखं काही नाही पण आणखी एक मूल पेलत नाही. ती सुईणीकडे, वैदूकडे, काडी घालणाऱ्या बाईकडे जात होती आणि जंतुसंसर्गाने मरत होती. समितीचं म्हणणं थोडक्यात असं की समाजाची नीतिकल्पना काहीही असो, जीव धोक्यात घालूनही बायका हे करतातच. मग कायद्याने त्यांना मरू द्यायचं का?

यातून झाला वैद्यकीय गर्भपात कायदा. १९७१ च्या ऑगस्टमध्ये संमत, १ एप्रिल १९७२ पासून लागू. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, बारा ते वीस आठवड्यांत दोघांचं. कारणं : बाईच्या जिवाला किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका, गर्भात गंभीर व्यंग, बलात्कार, आणि विवाहित स्त्रीच्या बाबतीत गर्भनिरोधक साधन फसणं. अमेरिकेतला 'रो' खटल्याचा निकाल १९७३ चा. म्हणजे आपण त्यांच्याही आधी. याचा अभिमान आपण अधूनमधून बाळगतो.

पण कायद्याची भाषा बघा. त्यात कुठेही असं लिहिलेलं नाही की गर्भपात हा बाईचा हक्क आहे. लिहिलंय असं की अमुक अटींत गर्भपात केला तर नोंदणीकृत डॉक्टर दंड संहितेखाली दोषी ठरणार नाही. कायदा संरक्षण देतो ते डॉक्टरला. कलम ३१२ रद्द झालं नाही, त्याला एक खिडकी पाडली. आणि गर्भ काय आहे, याबद्दल कायदा एक अक्षर बोलत नाही. ज्यांना गर्भ हा जीव वाटतो त्यांनाही तो फार बोचला नाही, ज्यांना बाईचा हक्क महत्त्वाचा वाटतो त्यांचंही काम भागलं. या मौनाचा फायदा झाला, हे कबूल केलं पाहिजे. आपल्याकडे दवाखान्यांवर हल्ले झाले नाहीत, डॉक्टरांना गोळ्या घातल्या गेल्या नाहीत. पण मौनाची किंमत पुढे चुकवावी लागली.

कशी? तर सोनोग्राफीने. त्याआधी गर्भजलपरीक्षेने. १९७० च्या दशकात व्यंग शोधण्यासाठी आलेलं हे तंत्र थोड्याच वर्षांत मुलगी शोधण्यासाठी वापरलं जाऊ लागलं. मुंबईत त्याच्या उघड जाहिराती होत. १९८० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईतल्या स्त्री-संघटना, डॉक्टर, वकील एकत्र आले, त्यांनी लिंगनिदानविरोधी मंच उभा केला, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर कायदा केला. देशातला पहिला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून २००० साली मुंबईची सेहत आणि पुण्याची मासूम या संस्था, डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह, सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि २००३ मध्ये कायदा कडक झाला.

हे सगळं आवश्यक होतं. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात २०११ चा आकडा होता ८०७. हे आकडे बघून कुणाला झोप लागेल?

पण याच काळात तो जुना शब्द परत आला. 'स्त्रीभ्रूणहत्या'. पोस्टरवर, नाटुकल्यांत, कीर्तनांत, शाळेच्या निबंधांत. 'आई, मला मारू नकोस' असं पोटातून बोलणारी मुलगी चित्रांत दिसू लागली. हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण काय झालं ते बघा. १९७१ च्या कायद्याने ज्यावर तोंड उघडलं नव्हतं, त्या प्रश्नाचं उत्तर पोस्टरने देऊन टाकलं. गर्भ बोलतो, गर्भ विनवतो, म्हणजे गर्भ ही व्यक्ती. आणि त्याला मारणारी कोण? आई. पुन्हा एकटी आई. ताराबाईंनी विचारलेला प्रश्न होता तिथेच.

शिवाय तर्क बघा. मुलीचा गर्भ पाडणं ही हत्या असेल, तर मुलाचा पाडणं हत्या नाही का? आणि लिंग माहीतच नसताना आठव्या आठवड्यात केलेला गर्भपात? 'हत्या' म्हटलं की या प्रश्नांना एकच उत्तर उरतं. लिंगनिवड चूक आहे ती गर्भ माणूस आहे म्हणून नव्हे. जिवंत असलेल्या प्रत्येक मुलीला, प्रत्येक बाईला ती सांगते की तू नको होतीस, म्हणून चूक आहे. हा भेदभावाचा गुन्हा आहे. कायद्यानेही बंदी घातली ती लिंगनिदानावर. गर्भपातावर नव्हे. म्हणूनच चळवळीतले अनेक कार्यकर्ते पुढे 'स्त्रीभ्रूणहत्या' सोडून 'लिंगनिवड' म्हणू लागले. पण शब्द पोस्टरवरून उतरला तरी डोक्यातून उतरत नाही. २०१२ मध्ये तर महाराष्ट्राच्या सरकारमधूनच अशी मागणी पुढे आली की अशा गर्भपाताला कलम ३०२ लावावं, म्हणजे सरळ खून. १८६० च्या इंग्रजांनीही जे केलं नव्हतं ते.

याची झळ कुणाला लागते? जिला बारा-चौदा आठवडे झालेत, जिचं कारण कायद्यात बसतं, तिला. डॉक्टर म्हणतात, कशाला भानगड, उद्या तपासणी आली तर? औषधाच्या दुकानदाराला गोळ्या ठेवायची भीती वाटते. मग ती जाते जिथे विचारत नाहीत तिथे. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. तो १९ चा आकडा आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहिला. पण प्रकरण उघडकीला आलं होतं कशावरून? तिथे गर्भपात करताना एक सव्वीस वर्षांची बाई मेली होती, म्हणून. ती किती जणांच्या लक्षात आहे? 'भ्रूणहत्या' या शब्दात तिला जागाच नाही.

गर्भ ही व्यक्ती असं कायद्यात लिहून टाकलं तर काय होतं, हे बघायला लांब जावं लागेल. पण त्या गोष्टीतली मुलगी आपल्या शेजारची आहे. आयर्लंडने १९८३ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती केली. न जन्मलेल्या जिवाचा आणि आईचा जगण्याचा हक्क समान. ऐकायला न्याय्य वाटतं. सविता हलप्पनवार मूळच्या बेळगावच्या, दंतवैद्य, आयर्लंडमध्ये गॉलवेला राहत होत्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये, सतराव्या आठवड्यात, त्यांचा गर्भ आपोआप पडू लागला. तो वाचणार नाही हे कळून चुकलं होतं. त्यांनी गर्भपात करून मागितला. पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते, म्हणून थांबा म्हणून सांगण्यात आलं. जंतुसंसर्ग अंगभर पसरला आणि २८ ऑक्टोबरला त्या गेल्या. वय ३१. त्यांच्या देखरेखीत कसूर झाली आणि कायद्याचा लावलेला अर्थही त्याला कारणीभूत झाला, असं सरकारी चौकशीत नमूद झालं. २५ मे २०१८ ला आयर्लंडच्या लोकांनी ६६.४ टक्के मतांनी ती दुरुस्ती काढून टाकली. दोन समान हक्क एकाच शरीरात ठेवले की प्रत्यक्षात कुणाचा हक्क थांबतो, हे त्या देशाला बेळगावच्या मुलीने दाखवलं.

आपल्या न्यायालयांत काय चाललंय? २००८ मध्ये मुंबईच्या एका जोडप्याने, चोविसाव्या आठवड्यानंतर गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आढळला म्हणून, उच्च न्यायालयाकडे परवानगी मागितली. मिळाली नाही. २०१६ मध्ये त्याच मुंबई उच्च न्यायालयाने, तुरुंगातल्या गरोदर कैदी बायकांच्या संदर्भात, स्पष्ट म्हटलं की मानवी हक्क जन्मल्यावर लागू होतात, न जन्मलेला गर्भ हा मानवी हक्कांचा धारक नव्हे, आणि गर्भ ठेवायचा की नाही हा त्या बाईचा निर्णय. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतल्या बायकांसाठी मुदत चोवीस आठवडे झाली, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही तोच लाभ दिला. आता वाटेल की प्रश्न मिटला. पण ऑक्टोबर २०२३ बघा. दोन मुलांची आई, बाळंतपणानंतरच्या नैराश्याने आजारी, सव्वीस आठवडे. ९ तारखेला दोन न्यायमूर्तींनी परवानगी दिली. मग डॉक्टरांनी कळवलं की हे मूल जगू शकतं. ११ तारखेला त्याच दोन न्यायमूर्तींचं एकमेकींशी जमलं नाही. १६ तारखेला तिघांच्या खंडपीठाने परवानगी नाकारली. आठ दिवसांत तीन उत्तरं. न्यायमूर्तींना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. जो प्रश्न १९७१ मध्ये बाजूला ठेवला होता तो त्यांच्या टेबलावर येऊन पडला, इतकंच.

आता कुणी म्हणेल, तुम्ही गर्भाला काहीच मोल देत नाही. तसं नाही. पहिल्या क्षणापासून तिथे जीव आहे असं मनापासून मानणारे लोक आपल्यात आहेत, जैन आहेत, वसई-गोव्याकडचे कॅथलिक आहेत, कितीतरी हिंदू घरं आहेत. त्यांचं म्हणणं बाष्कळ नाही. ज्या बाईचा हवा असलेला गर्भ पडतो, तिला विचारा तिने काय गमावलं. ती 'पेशींचा गोळा' म्हणत नाही, 'बाळ' म्हणते. गर्भाला मोल आहे. पण मोल असणं वेगळं आणि त्या मोलापायी दुसऱ्या माणसाचं शरीर सक्तीने वापरायला घेणं वेगळं. जोतीरावांना मुलांच्या जिवाचं मोल नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांनी ते बाईवर पहारा बसवून जपलं नाही. दार उघडून जपलं.

म्हणून आम्ही आज एवढंच मागतो. घरी, वर्गात, भाषणात, बातमीत 'भ्रूणहत्या' हा शब्द तोंडावर आला की क्षणभर थांबा. आपल्याला लिंगनिवडीविरुद्ध बोलायचंय का? मग तसं बोला. गर्भपाताबद्दल बोलायचंय का? मग गर्भपात म्हणा. आणि त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर : होय, गर्भपात आपल्याकडे कायदेशीर आहे, कायद्याने सांगितलेल्या मुदतीत आणि कारणांसाठी. लिंगनिदान बेकायदेशीर आहे. ही दोन वाक्यं वेगवेगळी आहेत. ती वेगळी आहेत हे माहीत नसल्यामुळे या क्षणीही कुठेतरी एखादी बाई चुकीच्या दारात उभी असेल.

पुढच्या वेळी आपण दत्तकविधानाच्या इतिहासावर बोलू, कारण फुल्यांच्या त्या घरातून जी वाट निघते ती तिकडे जाते. आता प्रश्न असतील तर घेऊ.